इत्तोचा नातू

शिपायानं टॅक्सीच्या खिडकीतून डोकं आत घातलं आणि इत्तोच्या मांडीवरच्या गुंडाळीकडे बोट केलं.

“काय आहे हे, मावशी?”

“दिसत नाही? नातू आहे माझा.” इत्तोनं दुपट्याची कड आणखी खाली ओढली. “गोवर उठलाय अंगभर. बघायचाय? घरी लेकरं असतील तर लांबूनच बघ बाबा.”

शिपाई झटकन मागं सरला. “राहू दे, राहू दे. अल्ला बरं करो.” मग टॅक्सीवाल्याला दरडावलं, “खड्ड्यांतून सावकाश ने रे. लेकराला हिसके बसतील.”

टॅक्सी अझ्रू गावाचा घाट उतरू लागली, तशी इत्तो गालातल्या गालात हसली. दुपट्यात देवदाराच्या रानातल्या बिनशेपटीच्या माकडाचं पिल्लू होतं. आईच्या पोटाला बिलगलेलं असताना ओढून काढलेलं, आणि खोकल्याचं औषध पाजून गुंगवलेलं. असलं पिल्लू नुसतं जवळ सापडलं तरी तुरुंग. पण इत्तोला कधी कुणी पकडलं नव्हतं. गोल चेहरा, हनुवटीवर गोंदण, जिभेवर साखर. “मला बघितलं की पोलिसांना आपली आई आठवते,” असं ती घरी सांगायची.

दरवेळी समुद्रापलीकडे स्पेनच्या धक्क्यावर बुश्ता नावाचा दलाल उभा असायचा. त्याच्या हाती पिल्लू दिलं की तिचं काम संपलं; पुढे ते विकत घेणाऱ्या मालकाकडे तो पोचवायचा. या खेपेला मात्र बुश्ताचा फोन आला होता.

“इत्तो, मी अंथरुणाला खिळलोय. तू थेट मालकाच्या घरी घेऊन जा.”

“आवाज का असा घोगरा?”

“सर्दी गं.”

“म्हणजे मालकाचं तोंड दिसणार म्हण की! आजवर तुझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही ते.”

“तो दुसऱ्या कुणाला दारात उभं करत नाही. तू कधी पकडली गेली नाहीस ना.”

हे वाक्य इत्तोला फार आवडलं. ते मनात घोळवतच ती तांजियरच्या बंदरात शिरली.

तपासणीच्या रांगेत पिल्लू चाळवलं. दुपट्यातून काळपट, केसाळ बोटं बाहेर आली आणि त्यांनी इत्तोचा अंगठा घट्ट धरला. समोर जकातखात्याची बाई उभी होती. इत्तोनं दुपटं ओढून घेतलं, पण बाईची नजर नेमकी तिथंच होती की काय, कळेना.

“गोवर आहे हो त्याला,” इत्तो घाईनं म्हणाली.

बाईनं जांभई दिली. “मग यंत्रातून कशाला नेताय पोराला? या इकडून बाजूनं. आणि हात आत घ्या त्याचा, वारं झोंबतंय.”

आंधळीच आहे मेली, इत्तो मनात म्हणाली आणि ऐटीत बोटीवर चढली.

बोटीवर एक तरुण बाई शेजारी येऊन टेकली. नाव म्हणे निहाल, बहिणीकडे निघाली होती. गप्पिष्ट होती. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून दुधाची बाटली काढली.

“घ्या मावशी, पाजा त्याला. शेळीचं आहे, कोमट आहे. बहिणीच्या बाळासाठी नेत होते.”

“झोपलाय गं तो.”

“झोपेतसुद्धा ओढतात. फक्त मान जरा उचलून धरा, ठसका लागायला नको.”

कालची पोर मला शिकवतेय! पण इत्तोनं पाठ फिरवून बाटली दुपट्यात सारली. पिल्लू अधाशासारखं दूध ओढू लागलं. मागच्या खेपेचं पिल्लू बोटीवरच थंड पडलं होतं. तिनं ते दुपट्यासकट पाण्यात सोडलं होतं आणि पुढे कित्येक रात्री तिला नीट झोप लागली नव्हती. हे जगणार असं दिसलं, तसं तिला बरं वाटलं. निहालचा चेहराही उजळला.

“प्यायला ना? शाब्बास!”

मालकाचं घर गावाबाहेर टेकडीवर होतं. दार त्यानंच उघडलं. पायात सपाता, पांढरी दाढी, बोलायला मऊ. मोडक्यातोडक्या अरबीत त्यानं तिची विचारपूस केली, मग दुपटं सोडलं आणि पिल्लाच्या काखांत हात घालून ते उजेडात फिरवून पाहिलं, बाजारात खरबूज पाहावं तसं. त्याच्या पाठीमागच्या खोलीत पिंजऱ्यांवर पिंजरे रचले होते. कासवं, सरडे, डोळ्यांवर टोप्या चढवलेले ससाणे. कुणी आवाज करत नव्हतं.

“जिवंत आहे आणि धट्टंकट्टं आहे,” मालक खूश होऊन म्हणाला. “तुझ्यासारखी तूच. वाटेत त्रास नाही ना झाला?”

“मला कसला त्रास? मला कुणी अडवतच नाही.”

“बुश्ताचा पाय कसा आहे?”

“पाय?” इत्तो म्हणाली. “त्याला तर सर्दी झालीय.”

“मला म्हणाला, पाय मुरगळलाय.”

मालकानं दार लोटायला हात पुढे केला, पण दारात बूट घातलेला एक पाय आडवा आला होता. अंगणात स्पेनचे पोलीस उतरत होते. त्यांच्या मागोमाग जकातखात्याची ती बाई आली. आता ती जांभई देत नव्हती. एक जण फोटो घेत होता: मालक, आणि त्याच्या हातात पिल्लू.

सगळ्यांना बाजूला सारून निहाल पुढे झाली. तिनं पिल्लू अलगद काढून घेतलं, छातीशी धरलं, कानाला नळी लावून त्याचे ठोके ऐकले आणि पोलिसांकडे बघून मान हलवली.

इत्तो भिंतीला टेकून खाली बसली. “कुठं चुकले गं मी?” तिनं विचारलं.

“तुमचं काहीच चुकलं नाही, मावशी,” निहाल म्हणाली. “बुश्ता आधीच आमच्या हाती लागला होता. पण अझ्रूपासून या दारापर्यंत तुम्हाला कुणी अडवू नये म्हणून दोन देशांतल्या आम्हा सगळ्यांना केवढी धावपळ करावी लागली!”