दोन वस्तूंच्या वड्या

बायको कलावती वारली त्या दिवशी पोपटरावांच्या घरात चूल पेटली नाही. नौपाड्यातल्या त्यांच्या इमारतीतल्या चार शेजारणींनी जेवणाचे डबे भरून आणले. महिना झाला तरी ते चार डबे ओट्यावरच होते. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढं पोपटरावांना ठाऊक होतं. पण चहापलीकडे त्यांना काही येत नव्हतं.

शेवटी त्यांनी नारळाच्या वड्या करायचं ठरवलं. नारळ आणि साखर, दोनच वस्तू, त्यात काय बिघडणार? पहिल्या खेपेला करपल्या. दुसऱ्या खेपेला वड्यांचे दगड झाले. तिसऱ्या खेपेच्या जरा मऊच राहिल्या, त्या चारांपैकी एका डब्यात भरून ते समोरच्या विनिताकडे गेले.

"काका, या वड्या आहेत की चमचा आणू?" ती हसली.

"आण चमचा. पण डबा ठेवून घे, तुझा आहे. त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून दोन घास पोटात गेले गं."

विनिताने वड्या ताटात काढल्या आणि डबा पालथा करून तळाशी कोरलेलं नाव दाखवलं. सौ. कलावती.

"काकूंचाच आहे हा. त्या गेल्या त्याच आठवड्यात यातून रव्याचे लाडू पाठवलेले त्यांनी."

पोपटरावांनी नावावरून अंगठा फिरवला. "आणि बाकीचे तीन?"

"चारही घरी लाडू आले होते, काका."

पोपटरावांनी दारातच तो डबा कपाळाला लावला.