बंद मुठीतला कीस

पैलवानाची पहिली लाथ कागदावर बसली.

तांब्याच्या लादीला नुकतंच भोक पडत होतं. ड्रिलखाली अंथरलेल्या कोऱ्या कागदावर लालसर कीस जमायला लागला होता. कागद, कीस, नमुन्याची पाकिटं, सगळं गोदामभर उधळलं.

"ऊठ," पैलवान म्हणाला. "मधल्या थप्पीला हात लावायचा नाही. पुढच्या लाद्यांतून काय हवं ते घे."

नमुने काढणाऱ्या माणसाला कस्टममध्ये सगळे गिरमिट म्हणत. उभा जन्म धातूला भोकं पाडण्यात गेलेला, दुसरं काय म्हणणार? त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"नमुना कुठला काढायचा ते मी ठरवतो. तू कोण टिकोजीराव?"

आणि त्याने ड्रिल परत मधल्याच लादीला लावलं.

बाई शेजारीच उभ्या होत्या. नमुने काढणाऱ्या विभागाच्या त्या मुख्य. एरवी त्या गोदामात पाऊल टाकत नसत, पण गिरमिट पैसे खातो अशी कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. चोराला रंगेहाथ धरायचं म्हणून आज मुद्दाम आल्या, आणि बघतात तर काय! हा बाबा धमकीला भीक घालायला तयार नव्हता.

"शेठ, आवरा तुमच्या माणसाला!" त्या ओरडल्या.

मालाचा मालक पिकल्या केसांचा म्हातारा होता. तो धडपडत पुढे आला. "अहो, मी याला काहीएक सांगितलेलं नाही! परवाच राखणीला ठेवलाय. ए, सोड त्यांना! बाई, कुठेही भोक पाडा, माझा माल चोख आहे."

तर तर! चोराच्या उलट्या बोंबा. बाईंनी असली सोंगं पुष्कळ पाहिली होती. तांबं अस्सल निघालं की माल सुटणार. आत शिसं भरलेलं निघालं की सगळा जप्त, भंगाराच्या भावाने लिलावात, आणि शेठची जन्माची कमाई मातीत. एवढं पणाला लागलेलं असताना राखणदार आपल्या मनाने मारामारी करतो होय?

ड्रिल पुन्हा घरघरलं. आता कागद नव्हता, म्हणून गिरमिटाने खाली डावा तळवा धरला. कीस हातात पडला, त्याने मूठ मिटली, आणि तेवढ्यात पैलवानाचं दांडकं त्याच्या पाठीत बसलं.

तो तोंडावर आपटला. ओठ फाटला, दात फरशीवर पडला. पैलवानाने त्याची गचांडी धरून त्याला लादीवर आदळलं.

"मूठ उघड!"

"नाही उघडत, जा!"

पैलवानाने बूट मुठीवर ठेवला आणि सगळा भार दिला. हाडं मोडल्याचा आवाज बाईंनी ऐकला. गिरमिट गुरासारखा ओरडला, पण मूठ काही सुटली नाही.

बाईंच्या किंकाळ्या ऐकून बाहेरचे हमाल धावत आले. पैलवानाने मागच्या खिडकीतून उडी टाकली आणि पोबारा केला. हमालांच्या हाती लागला तो म्हातारा शेठ.

बाई गुडघ्यांवर बसल्या. "उघडा आता. मी आहे."

एकेक बोट त्यांनीच सोडवलं. तळव्यावर रक्तामांसात कालवलेला कीस होता. त्यात लाल तुकडे होते आणि करडेही. शिसं! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसावर आपण संशय घेतला? नमुना कागदावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडावा असा नियम. पण ज्याने रक्त सांडून कीस राखला, त्याला नियम कुठल्या तोंडाने सांगायचा? त्यांनी तो कीस स्वतःच्या हाताने पाकिटात भरला आणि लाख लावून सील केला.

"बाई, ते माझ्या मालातलं नाही!" शेठ ओरडत होता. "परत भोक पाडा! एकदाच! माझ्यासमोर पाडा!"

"सील झालं की झालं," बाई म्हणाल्या.

एका हमालाने शेठच्या कानाखाली जाळ काढला. मग दुसऱ्याने कमरेत लाथ घातली. गिरमिट त्यांच्यातला माणूस, रोज त्यांच्यासोबत बसून खाणारा. थांबा म्हणावं, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांची नजर त्या चेंदामेंदा झालेल्या हाताकडे गेली, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"पुरे," असं त्या म्हणाल्या तेव्हा शेठचं डोकं त्याच्याच लादीच्या कडेवर फुटलेलं होतं. दवाखाना गाठेपर्यंत म्हातारा संपला.

त्यानंतरचे काही दिवस बाईंना घास गोड लागला नाही. मग प्रयोगशाळेचा निकाल आला. निम्म्याहून जास्त शिसं! बाईंनी मोठा श्वास सोडला. माणूस गेला, वाईटच झालं. पण करावं तसं भरावं. आपण निदान अन्याय तरी केला नाही.

त्याच दुपारी त्या गिरमिटाच्या घरी निघाल्या. निकाल आपल्या तोंडाने सांगायचा होता, आणि हात जोडून माफीही मागायची होती.

दार लोटलेलं होतं. कडी वाजवायला त्यांनी हात उचलला, तो तसाच राहिला.

गिरमिट खाटेवर उशीला टेकून बसला होता. डावा हात प्लास्टरमध्ये, ओठाला टाके. समोर पाठमोरा बसलेला एक धिप्पाड माणूस त्याला चमच्याने पेज भरवत होता.

"दादा, फार लागलं का रे?" तो माणूस मुसमुसत होता. "सख्ख्या भावावर हात उचलत नव्हता माझा."

"ए खुळ्या, रडतोस काय?" गिरमिट म्हणाला. "लिलावाला वेळेवर जा म्हणजे झालं. अरे, तू कच्चं मारलं असतंस, तर बाईंनी माझ्या मुठीवर विश्वास ठेवला असता होय?"