एकदा होऊन गेलेला

बेलवलीच्या राजेंद्रला गेल्या वर्षी डेंग्यू झाला आणि आठ दिवसांत बराही झाला. तेव्हापासून तो अंबरनाथच्या कंपनीत सगळ्यांना ऐकवायचा, "शास्त्रज्ञ अजून लस शोधतायत, मला तर डासानेच फुकटात टोचली. आता आपल्याला टेन्शन नाही." बायको यशोधरा कुंड्यांखालचं साचलेलं पाणी ओतायला लागली, की तो हसायचा.

या पावसाळ्यात त्याला पुन्हा ताप चढला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या. यशोधरा पाच दिवस आयसीयूच्या दाराशी बसून होती.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे असतात. एक होऊन गेला म्हणून बाकीचे सोडत नाहीत, उलट दुसऱ्या वेळी जास्त जोरात होऊ शकतो. चौघांनाही पुरून उरेल अशी लस बनवणं म्हणूनच एवढं अवघड आहे. तुमचे आता दोन झालेत, जपा."

यशोधराला रडू आवरेना. राजेंद्रने मात्र बोटांवर हिशेब केला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,



"रडतेस काय? निम्मा कोर्स झाला की!"