साठावा हप्ता

“काका, क्रेडिट स्कोअर सातशे बासष्ट! गेल्या महिन्यापेक्षा चारनं वाढला. आता तरी हसा की,” बँकेतली चष्मेवाली म्हणाली.

शिक्केवाल्या काकांनी स्कोअरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी अहवालाचं तिसरं पान काढलं आणि शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. शून्य. त्यांचा जीव भांड्यात पडला.

लोक वर्षातून एकदा हा अहवाल बघतात, तोही कर्ज हवं असलं तर. काका दर महिन्याला यायचे. त्यांना स्वतःला दमडीचंही कर्ज नव्हतं. पण पोरीनं स्कूटर घेतली तेव्हा जामीनदार म्हणून सही त्यांनी केली होती, म्हणून तिचं कर्ज त्यांच्याही अहवालात दिसायचं. महिन्याला एक चौकोन. हप्ता वेळेवर भरला की शून्य, नाहीतर जितके दिवस चुकला तो आकडा.

काका रबरी शिक्के बनवायचे. दिवसभर उलटी अक्षरं कोरायची सवय, त्यामुळे घरी कुणी सरळ बोललं तरी हा माणूस उलटंच घ्यायचा. पोरीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हाही तेच झालं. “गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस,” म्हणाले. बापाचाच हट्टी स्वभाव तिच्यात उतरलेला! स्कूटर घेऊन गेली ती गेलीच. वर्षभर काका अकडून बसले. मग एकदा मन घट्ट करून फोन लावला, तर नंबर बंद.

तेव्हापासून हे चौकोन म्हणजेच पोरगी. शून्य आलं की ती धडधाकट आहे, कमावते आहे, दोन वेळा जेवते आहे.

फक्त एकदाच, तेविसाव्या चौकोनात, तीस उमटलं होतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात काकू बहिणीच्या आजारपणाला म्हणून आठ दिवस गेलेल्या, बोलायचं तरी कुणाशी? काकू परतल्या त्याही तापानं फणफणत, डोळे सुजलेले. पण पुढच्या महिन्यात शून्य आलं. काका घरात शिरता शिरताच ओरडले, “अगं, भरला! बरी आहे आपली पोर!” काकू तोंड भिंतीकडे करून पडून होत्या. “हो का? बरं झालं,” एवढंच म्हणाल्या. काकांना रागच आला. आई आहे की दगड!

“काका, एकोणसाठ झाले,” चष्मेवाली म्हणाली. “पाच तारखेला शेवटचा. खातं बंद झालं की तुम्ही सुटलात.”

काकांचं बोट शेवटच्या चौकोनावरच राहिलं. सुटलात! पुढच्या महिन्यापासून चौकोनच नाही. मग पोरगी आहे की नाही, हे कुणाला विचारायचं?

“बाई, जामीनदार आहे मी. हप्ता कुठून भरला जातो, एवढं तरी सांगा.”

तिनं जरा आढेवेढे घेतले, मग पडद्यावर पाहिलं. “आधी पगाराच्या खात्यातून कापला जायचा. गेली तीन वर्षं मात्र रोख. आपल्याच शहरात, बाजारातल्या शाखेत.”

काका ताडकन उठले. आपल्याच शहरात! ती नोकरी सुटली असेल. पोरगी परत आली, तीन वर्षं हाकेच्या अंतरावर राहिली, आणि आपल्या त्या एका वाक्याला घाबरून घरी फिरकली नाही.

घरी काकू शिंप्याकडून आणलेल्या सदऱ्यांना काजं-बटणं करत बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी हा उद्योग त्यांनी मागे लावून घेतला होता. हातातल्या बांगड्याही तेव्हाच गेल्या. “घट्ट होतात,” म्हणाल्या होत्या.

“पाच तारखेला मी तिथं जाऊन उभा राहणार,” काका म्हणाले. “पाय धरीन पोरीचे. म्हणेन, चुकलं माझं, चल घरी.”

काकूंच्या बोटात सुई टोचली. “नका जाऊ.”

“का?”

“तिला यायचं असेल तर येईल. तुम्ही नका जाऊ, एवढं ऐका माझं.”

काकांनी ऐकलं नाही. त्यांनी आजवर कुणाचं ऐकलं होतं?

पाच तारखेला दुकान उघडतो म्हणून ते निघाले आणि थेट बाजारातली शाखा गाठली. खिशात स्कूटरची दुसरी किल्ली होती, पोरगी खिळ्यावर विसरून गेलेली. शाखा नुकतीच उघडली होती. रोखपालाच्या खिडकीशेजारच्या खांबाआड ते उभे राहिले. दार उघडलं की मान बाहेर काढून बघायचे.

अकराच्या सुमाराला दार उघडलं आणि काकू आत आल्या.

काका आधी चमकले, मग त्यांना हसूच आलं. वा गं वा! म्हणजे मायलेकींचं सूत केव्हाच जुळलेलं, आणि मी एकटाच मूर्ख! म्हणूनच “नका जाऊ.” आता मागोमाग पोरगी येईल. त्यांनी खिशातली किल्ली घट्ट धरली आणि दाराकडे डोळे लावले.

दारातून कुणीच आलं नाही. काकूंनी रुमालाची गाठ सोडून नोटा खिडकीत सरकवल्या.

“संपलं, मावशी,” रोखपाल म्हणाला. “पण मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या कर्जाला विमा होता. तेव्हाच मुलीच्या मृत्यूचा दाखला दिला असतात, तर एक पैसा भरावा लागला नसता.”

काकूंनी पावतीची नीट घडी घातली.

“दाखला दिला असता तर खातं तेव्हाच बंद झालं असतं हो,” त्या म्हणाल्या. “मग आमच्या ह्यांनी दर महिन्याला काय बघितलं असतं?”