फ्रेम

अमेरिकेतल्या आमच्या बफलोत फुटबॉल सीझनची पहिली मॅच असली की आमचं टोळकं सकाळीच स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शेगडी पेटवतं. वीस वर्षं त्या शेगडीवर नॉर्बच उभा असायचा. यंदा तो खुब्याचं ऑपरेशन करून काठी टेकत आला, तेव्हा आमच्यातल्या डेबीचा जावई सॉसेज भाजत होता. "आजचा दिवस बस," असं म्हणून आम्ही नॉर्बला घडीच्या खुर्चीत बसवलं.

मग नेहमीसारखी टीमची चिरफाड सुरू झाली. क्लबने यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कॉलेजातला एक दांडगा पोरगा उचलला होता आणि त्याच्यासाठी आमच्या लाडक्या हॅगर्टीला काढून टाकलं होतं. डेबीला फार वाईट वाटत होतं.

"रडतेस काय?" नॉर्ब खेकसला. "पाय गेले त्याचे. असल्यांना जीव लावत बसतो, म्हणून तर दरवर्षी हरतो आपण. नवा हाताशी आला ना, की जुन्याची जर्सी फ्रेम करायची, त्याच्या हातात द्यायची, टाळ्या वाजवायच्या. विषय संपला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नॉर्बला सांगायचं कसं, या धास्तीने आठवडाभर कुणाला धड झोप नव्हती. त्यानेच काम सोपं केलं.



डेबीने गाडीच्या डिकीतून फ्रेम आणून त्याच्या मांडीवर ठेवली. काचेआड नॉर्बचा तेलकट एप्रन होता, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.