सम्राटांचा गट

“या नवख्यांना वेगळा गट काढून द्या!” खांबेट्यांनी ठणकावलं. एकेक पात्र वाटून घेऊन फोनवर मिळून कथा लिहिणाऱ्या त्या मंडळात ते सहा वर्षं सम्राट होते.

गट वेगळे झाले. खांबेट्यांनी लगेच युद्ध पुकारलं. पण जुन्यांत उरलेले अकराही जण राजेच. मरायला कुणीच तयार होईना. आठवडाभर नुसतं “वा, काय भाषा!” चाललं.

शेवटी खांबेटे नाव बदलून नवख्यांत शिरले. तिथं लढाई ऐन रंगात आली होती. “मी सेनापती!” त्यांनी लिहिलं.

जुन्या कथेत वर्षभर त्यांच्या दारात पहारा देणारी मुलगी आता इथली राणी होती. तिनं कळवलं, “नवे ना तुम्ही? वर्षभर भाला धरून दारात उभं राहायचं. बोलायचं नाही. जुन्या सम्राटांचाच नियम आहे.”

“जशी आज्ञा, राणीसरकार.”

“बोलायचं नाही म्हटलं ना!”