पालथा पेला

सासऱ्यांची जुनी स्पोर्ट्स कार सुरू होण्याआधी तीनदा खोकायची, हुबेहूब सासऱ्यांसारखी. ते जाऊन वर्ष झालं, तरी खोकला घरात होताच.

"हा आज थांबला नाही, तर गाडी विकायची," तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं.

वडिलांची गाडी विकायची म्हटल्यावर तो तडक कामाला लागला. त्याने बाजारातून दुसऱ्या कंपनीचा नवाकोरा कार्बुरेटर आणून बसवला आणि जुना, तेलकट, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला.

अंगणात गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"गेला गं खोकला!" तो ओरडला.

टेबलावरचा कार्बुरेटर तीनदा खोकला.

वीस वर्षांची सवय. तिने पेलाभर पाणी त्याच्यापुढे ठेवलंसुद्धा. मग स्वतःशीच हसली, "आता हीच सेवा राहिली होती!" आणि ओटा पुसायला वळली.

पुन्हा पाहिलं, तर पेला रिकामा होता. आणि पालथा घातलेला. पाणी पिऊन झालं की सासरे घालायचे, तसाच.

"आता गाडी विकायची नाही हं! आणि ते जुनं डबडं भंगारात टाक!" नवरा अंगणातून ओरडला.

"नाही विकत," पेल्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "पण भंगाराचं तुम्हीच आत येऊन सांगा. वडील तुमचे आहेत."